कोपरात उगवलेलं हाड

मी भाविक आहे, पण माझी भक्ती फार शहाणी नव्हे. अडचण आली की देवीपुढे बसायचं आणि बरं वाटलं की घरकामाला लागायचं, अशी ती साधी संसारी भक्ती. त्यामुळे ज्या वर्षी माझ्या उजव्या हाताचं कोपर धरलं आणि महिनोन् महिने सुटेना, त्या वर्षी मी देवीवर रुसले. देवघरात निरांजन लावायची, पण तिच्या तोंडाकडे बघायची नाही. काडीसुद्धा मला धड ओढता येत नसे. यजमान शेजारी उभे राहून ती ओढून द्यायचे, मी डाव्या हातानं वात पेटवायची आणि मनात एकच विचार घोळत राहायचा: शरीरात इतके अवयव असताना हिनं नेमका हाच हात का धरला?

हाच हात का, हे कळायला माझ्या माहेराबद्दल थोडं सांगायला हवं.

माझं माहेर कामशेतचं. बाजारपेठेत वडिलांचं तांदळाचं दुकान होतं आणि आम्ही दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचो. दिवाळीनंतर पवनेकडून, नाणे मावळाकडून नवा तांदूळ यायला लागला की घराचा वासच बदलायचा. त्याचा तो गोडसर वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, आईच्या केसांनासुद्धा यायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण म्हणायची, तुझ्याजवळ बसलं की भूक लागते. वडील संध्याकाळी दुकान आवरून जिना चढून वर यायचे तेव्हा त्यांच्या भुवया कोंड्यानं पांढऱ्या झालेल्या असायच्या. आई त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देताना रोज तेच म्हणायची, "आलात का म्हातारे होऊन?" आणि रोज दोघंही हसायचे. आता दोघंही नाहीत. ते हसू मात्र त्या जिन्यात अजून कुठंतरी असावं असं मला वाटतं.

दुकानामागच्या गल्लीत देवीचं एक लहान देऊळ आहे. चार बायका आत उभ्या राहिल्या की पाचवीनं बाहेर थांबावं, एवढाच गाभारा. नवरात्रात रोज सकाळी देवीचा मळवट भरण्याचं काम आमच्या घराकडे होतं. मळवट म्हणजे देवीचं सबंध कपाळ कुंकवानं भरायचं, भुवयांपासून थेट मुकुटाच्या कडेपर्यंत. ऐकायला सोपं वाटतं. पण कुंकू एकसारखं बसावं लागतं, त्याची कड फाटून चालत नाही आणि खाली देवीच्या डोळ्यांत कणही पडता कामा नये. आई मळवट भरायची तेव्हा मी तिच्या मागे पदर धरून उभी असायची. ती हात खांद्याच्या वर उचलायची, मनगट कुठंही टेकवायची नाही आणि अंगठ्यानं कुंकू असं हलकेच फिरवायची की वाटावं, तापात पडलेल्या लेकीच्या कपाळावरून हात फिरवते आहे. पलीकडून आगगाडी गेली की देवळातली घंटा आपोआप किणकिणायची. आई थांबायची. गाडी पुढे जाऊ द्यायची. मग पुन्हा हात उचलायची. माझ्या लहानपणातलं एकच चित्र ठेव असं कुणी म्हणालं तर मी हे ठेवीन.

आई थकली तेव्हा तिनं ते काम माझ्याकडे दिलं. मी तोवर लग्न होऊन लोणावळ्याला आले होते. तुंगार्लीत घर, गावात प्राथमिक शाळेत शिक्षिकेची नोकरी. तरी नवरात्रात रोज सकाळच्या लोकलनं कामशेतला जायचं, मळवट भरायचा आणि परत येऊन शाळा गाठायची, हा नेम मी कधी मोडला नाही. मुलं लहान होती तेव्हाही नाही. निवृत्त झाल्यावर तर तेच माझं वर्षातलं मोठं काम उरलं. माझी वहिनी, म्हणजे मोठ्या भावाची बायको, माझ्याआधी देवळात जाऊन देवीला स्नान घालून ठेवायची आणि मी पोचले की कुंकवाची वाटी धरून शेजारी उभी राहायची. मी हात उचलला की मला आईचा हात दिसायचा. खरं सांगायचं तर त्या क्षणासाठीच मी वर्षभर थांबायची. त्यात देवीची सेवा किती होती आणि आईची आठवण किती, हे मला वेगळं काढता आलं नसतं.

तर त्या वर्षी चैत्रात मी पडले. यजमान आणि मी रोजच्यासारखे तुंगार्लीच्या तलावाकडे फिरायला गेलो होतो. धरणाच्या भिंतीजवळून उतरताना कोरड्या मुरमावरून पाय सरकला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. कोपर निखळलं आणि हाडही मोडलं. तळेगावच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसले. डॉक्टर मध्यमवयीन, शांत स्वभावाचे होते. काम नीट झालंय म्हणाले आणि तसं ते झालंही होतं. पट्टी सुटली, व्यायाम सुरू झाले. सुरुवातीला हात थोडा वाकायला लागला, मग एकाएकी उलटं सुरू झालं. कोपर गरम लागायचं, सुजायचं, आणि काल जेवढं वाकत होतं तेवढंही आज वाकायचं नाही. करंगळीला मुंग्या यायच्या. ज्येष्ठ संपेपर्यंत हात जवळजवळ सरळ राहिला, गंजलेल्या बिजागरीसारखा. घास तोंडाशी जाईना, वेणी घालता येईना, स्वतःच्या कपाळाला टिकली लावता येईना. नमस्कार करायला गेले तर हात छातीशी येतच नसत, पोटाखाली कुठंतरी जुळत. असा नमस्कार करायची मला लाज वाटायची, म्हणून मी तो करणंच सोडलं.

डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे काढला आणि आम्हा दोघांना समोर बसवून फिल्म उजेडात धरली.

"तुमचं मोडलेलं हाड छान जुळलंय," ते म्हणाले. "पण त्याच्या भोवती हे पांढरं दिसतंय ना, ढगासारखं? इथं हाड नसतंच. इथं मऊ मांस असतं. मार लागल्यावर, ऑपरेशन झाल्यावर कधी कधी शरीराचा गोंधळ होतो आणि ते नको त्या जागी हाड तयार करायला लागतं. याला हेटरोटॉपिक ऑसिफिकेशन म्हणतात. कोपराला हे बऱ्याचदा होतं."

"मग ते काढून टाका ना," मी म्हणाले.

"काढू. पण आत्ता नाही. अजून ते कच्चं आहे. कच्चं असताना हात लावला तर परत येण्याची भीती असते. त्याला पिकू द्यायचं, वाढ पूर्ण थांबू द्यायची. बरेच महिने जातील. तोपर्यंत तुमचा तुम्ही हात जेवढा हलेल तेवढाच हलवायचा. आणि एक सांगून ठेवतो, कुणाकडून ओढून घेऊ नका, जोराचं मालीश करून घेऊ नका. त्यानं नुकसानच होतं."

मी मान हलवली. पण मनात एकच शब्द अडकला, महिने. नवरात्र त्याआधी येणार होतं.

पावसाळा तसाच गेला. लोणावळ्यात श्रावण म्हणजे खिडकीपलीकडे नुसतं पांढरं धुकं. त्या धुक्याकडे बघत मी तासन् तास बसायची. मला वाटायचं, माझ्या कोपरातही असंच काहीतरी पांढरं दाटत चाललंय, आवाज न करता. शरीरानं दगाफटका केला असता तर समजू शकले असते. पण इथं शरीर मला बरं करायलाच निघालं होतं. हाड जुळवायचं काम त्यानं इतक्या उत्साहानं केलं की कुठं थांबायचं हेच विसरलं. माझ्या डोक्यात दिवसरात्र एकच हिशेब चालायचा, नवरात्रापर्यंत हात वर गेलाच पाहिजे. डॉक्टरांचं बोलणं मला हळूहळू अति सावध माणसाचं बोलणं वाटायला लागलं.

अशातच शेजारच्या बाईंनी सांगितलं की पवना धरणाच्या बाजूला एका गावात हाड बसवणारा माणूस आहे. धरलेले सांधे तो एका झटक्यात मोकळे करतो. त्यांच्या जावेचा खांदा त्यानंच सोडवला होता.  यजमान रात्री जेवताना म्हणाले, "डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलंय."

"डॉक्टरांना मळवट भरायचा नाहीये," मी म्हणाले.

 चाळीस वर्षांच्या संसारात मी हट्टाला पेटले की वाद घालायचा नाही, सोबत जायचं, हे त्यांनी ठरवून टाकलेलं आहे.

पितृपक्षात एका सकाळी आम्ही निघालो. कामशेतवरून पवनेकडे वळलो तेव्हा ऊन पडलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या आणि खिडकीतून तो वास आत आला. मी डोळे मिटले. वडिलांच्या दुकानातला, त्या जिन्यातला वास. आई असती तर काय म्हणाली असती, असं क्षणभर मनात आलं, पण मी तो विचार पुढे जाऊ दिला नाही.

गावात पोचलो तर तो माणूस घरी नव्हता. त्याची सून अंगणात होती. म्हणाली, "सोयऱ्यांच्यात दशक्रिया हाय, तिकडं गेल्यात. दुपारच्यानं येतील. बसा की तवर." त्यांच्या अंगणात आधीच दोन-तीन माणसं बसलेली होती. एकाचा पाय फडक्यानं बांधलेला होता. मला तिथं बसवेना. यजमान म्हणाले, वर टेकडीवर देऊळ दिसतंय, तिथं सावली असेल.

ते वाघजाईचं देऊळ होतं. दगडी चौथरा, नवीन रंग दिलेला, मागे दोन जुनी आंब्याची झाडं आणि खाली धरणाचं पाणी. यजमान झाडाखाली सतरंजी टाकून आडवे झाले. मी देवीसमोर गेले आणि कितीतरी दिवसांनी सवयीनं हात जोडायला गेले. हात जुळले ते पोटाशी. मी झटकन ते सोडले आणि पायरीवर येऊन बसले.

थोड्या वेळानं खाली एक पांढरी मोठी गाडी थांबली. तिच्यातून एक वयस्कर बाई उतरल्या. नऊवारी लुगडं, हातात भरगच्च पाटल्या, पाठीमागे त्यांचा पन्नाशीतला मुलगा नारळाची पिशवी घेऊन. चालण्यात मोठ्या शेताच्या मालकिणीचा ठसका होता. त्या देवीपुढे गेल्या आणि डावा हात कपाळाला लावून नमस्कार केला. उजवा हात तसाच काटकोनात पोटाशी राहिला, जसा आपण पदर सावरताना धरतो. नारळ मुलानं फोडला. मग तो फोनवर बोलत बाजूला गेला आणि बाई माझ्या शेजारी पायरीवर येऊन टेकल्या. माझ्या हाताकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"कोपार धरलंय व्हय?"

"हो मावशी."

"मंग त्याच्याकडंच आला असाल, खाली."

"हो. दुपारी येतील म्हणाले."

त्यांनी मान हलवली.   मग त्यांनी डाव्या हातानं उजव्या दंडावरचा पदर मागे सारला आणि कोपर माझ्यासमोर धरलं. हाडाची एक गाठ कातडीखाली उठून दिसत होती.

"ह्यो बी असाच धरला व्हता," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन वरीस बी झालं नव्हतं. माजं सासर परंदवडी. भाताच्या उडवीवरनं, रचलेल्या पेंढ्यांवरनं खाली आले. हाड बसलं, पर कोपार काय नीट वाकंना. मंग सासऱ्यांनी हितं आनलं, आताच्या ह्याच्या बापाकडं. दोघांनी मला धरलं आन् त्यानं वडला. कडाडलं. मला वाटलं, सुटला. घरी गेले तर सुजला, सुजला, आन् व्हता त्यापरीस घट झाला. तवापासनं ह्यो असा हाय."

 काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "त्या माणसाचा राग नाही आला?"

"त्याचा कशापायी? त्यो काय वायटावर नव्हता. त्याला वाटलं सुटंल, त्यानं वडला. राग हिचा आला." त्यांनी गाभाऱ्याकडे मान वळवली. "माहेरची देवी माजी. लय भांडले तिच्याशी. लय वरसं ही पायरी चढले न्हाई."

"मग परत कशा आलात?"

त्या जरा हसल्या. "मंग काय. पोरं झाली, त्यांला डाव्या हातानं भरवलं. भाकरी डाव्या हातानं थापली. शेतावर गडी-मान्सं सांभाळली. समदं झालं की. येक दिस मनात आलं, हात अडला म्हनून मी कुटं अडले? आन् मी न्हाई अडले तर हिच्यावर रुसून कुनाचं भलं हाय? आले मंग. एका हाताचा नमस्कार पोचतो का म्हनून बगितलं."

"पोचला?"

"न्हाई पोचला तर ती सांगंल," त्या म्हणाल्या.

 मग का कुणास ठाऊक, मी त्या अनोळखी बाईंना सगळं सांगितलं. आई, मळवट, डॉक्टरांचं कच्चं-पिकलं हाड, तोंडावर आलेलं नवरात्र. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "डागदर थांबा म्हनतोय. मंग घाई कशाची हाय तुमाला?"

"मळवट कोण भरणार, मावशी?"

"दुसरं कुनी भरंल की. ती काय तुमच्यासाठी कपाळ उघडं ठिवून बसनार हाय का?"

हे त्या टोचून बोलल्या नाहीत. गोठ्यातल्या गाईबद्दल बोलावं इतक्या सहज बोलल्या. पण माझ्या आत काहीतरी सैल झालं. इतके महिने मी समजत होते की देवी माझ्या हाताची वाट बघते आहे आणि तो हात मला परत आणायचाच आहे, ओढून, तोडून, कसाही. ती कुणाचीच वाट बघत नाही, हा विचार मला शिवलाही नव्हता. तो विचार ऐकून वाईट वाटायला हवं होतं. उलट खांद्यावरची गोणी कुणीतरी उतरवून घ्यावी तसं वाटलं. मी रडायला लागले. बाईंनी समजूत वगैरे काढली नाही. त्यांच्या मुलानं हाक मारली, "आई, चल गं, मला सेकंड शिफ्ट हाय." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मी जाऊ नगा म्हनत न्हाई बरं का. तुमचा हात हाय. माजं झालं ते सांगितलं."

गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली. मी यजमानांना उठवलं आणि म्हणाले, "चला, घरी जाऊ." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी सतरंजीची घडी घातली, किल्ली खिशातून काढली आणि गाडीत बसल्यावर मात्र एक मोठा श्वास सोडला. त्या श्वासावरून मला कळलं, हा माणूस सकाळपासून किती घाबरलेला होता.

घटस्थापनेच्या सकाळी मी नेहमीच्या लोकलनं कामशेतला गेले. देवळात वहिनी वाटी धरून उभी होती. मी ती तिच्या हातातून डाव्या हातात घेतली आणि म्हणाले, "या वर्षी तू भर."

"मी? ताई, मला नाही जमायचं."

"इतकी वर्षं शेजारी उभी आहेस. जमेल."

तिनं पदर खोचला आणि हात उचलला.  बाहेरून गाडी गेली, घंटा किणकिणली, आणि वहिनी थांबली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. गाडी गेल्यावर तिनं पुन्हा अंगठा टेकवला. मी वाटी धरून उभी होते आणि मला आईचा हात दिसत होता, अगदी स्पष्ट, जसा माझ्या हातातही कधी दिसला नव्हता. कारण हात उचललेला असताना माणूस कुंकवाकडे बघतो. मी लहानपणानंतर प्रथमच मागे उभी राहून नुसती बघत होते. तांदळाचा वास, कुंकवाचा वास, पदराची ऊब, सगळं जसंच्या तसं परत आलं. इतकी वर्षं मी जे शोधत होते ते मला काहीही न करता मिळालं. त्या दिवशी देवीला नमस्कार केला तो पोटाशीच जुळला. मी तो तसाच राहू दिला.

त्यानंतर थांबणं सोपं गेलं असं म्हणणार नाही. रात्री कूस बदलताना कोपर ठणकायचं, करंगळी बधिर असायची. पण दर भेटीला डॉक्टर फिल्म उजेडात धरायचे आणि तो ढग हळूहळू कडा धरत घट्ट होत चाललेला दिसायचा. संक्रांतीनंतर ते म्हणाले, आता पिकलं. त्यांनी मला पुण्याच्या एका सर्जनकडे पाठवलं. या प्रकारची बरीच ऑपरेशन्स त्यांच्या हातून झाली होती, आणि तळेगावचे डॉक्टर स्वतः मदतीला उभे राहिले.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सर्जन खोलीत आले. तरुण होते, बोलणं मोजकं. "हाड निघालं," ते म्हणाले. "वेळ लागला, कारण करंगळीकडे जाणारी नस त्या हाडाच्या आत गेली होती. बोगद्यातून गाडी जावी तशी. ती मोकळी करायला फार जपावं लागलं."

मी विचारलं, "आणि मध्यंतरी कुणी हात झटक्यानं ओढला असता तर?"

ते म्हणाले, "नस तुटलीच असती असं मी सांगू शकत नाही. पण हाताची पकड गेली असती तर मला नवल वाटलं नसतं."

यजमान खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी डोळे मिटले. मला टेकडी दिसली, आंब्याची झाडं, खालचं पाणी. आम्ही गेलो त्या दिवशी कुठल्यातरी घरी दशक्रिया नसती तर. त्या मुलाला सकाळची पाळी असती आणि बाई दुसऱ्याच दिवशी आल्या असत्या तर. हे सगळं कुणी जुळवलं का, हे मी ठरवायला बसले नाही. अजूनही बसत नाही. योगायोग म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही. माझ्यापुरतं एवढं खरं आहे की मी स्वतःच्या पायानं जिथं चालले होते तिथून मला कुणीतरी परत फिरवलं, आणि फिरवताना हात धरून ओढलं नाही.

पुढे हाड पुन्हा धरू नये म्हणून काही आठवडे गोळ्या होत्या आणि रोजचे हलके व्यायाम. हात पूर्ण सरळ होत नाही, कधी होणारही नाही असं दिसतं. पण घास तोंडाशी जातो. पहिला घास मी कामशेतच्या घरी घेतला, वहिनीनं रांधलेला मऊ भात आणि मेतकूट. भात किती वेळ हातातच धरून ठेवला होता. दादा म्हणाला, "अगं, निवेल तो."

पुढच्या नवरात्रात वहिनी वाटी माझ्यापुढे धरू लागली. मी म्हटलं, एक दिवस तू, एक दिवस मी. आता तसंच चालतं. तिचा मळवट माझ्यापेक्षा सुबक असतो, हे गल्लीतल्या बायका मला न दुखवता सांगायचा प्रयत्न करतात.

एक काम मात्र राहिलं होतं. भाताची कापणी झाल्यावर आम्ही दोघं परंदवडीला गेलो. नाव माहीत नव्हतं. उजवा हात धरलेल्या मावशी म्हणून विचारलं तर पहिल्याच दुकानदारानं घर दाखवलं. नवं दुमजली घर, पलीकडे कंपनीची लांब भिंत आणि अंगणात ताडपत्रीवर भात वाळत घातलेलं. मावशी खुर्चीवर बसून काठीनं चिमण्या हाकत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी ओळखलं नाही. मी वाघजाईचं देऊळ सांगितलं, पायरी सांगितली, काय काय बोललो ते सांगितलं.

"मी आसं बोलले?" त्या म्हणाल्या. "आसंल बया. देवळात भेटतं त्याच्याशी बोलते मी. ध्यानात कुटं ऱ्हातंय समदं."

मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्या म्हणाल्या, "पाया कशाला पडताय. हात दावा बगू." मी पुढे केला. त्यांनी त्या लांब व्रणावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "वाकवा." मी वाकवला, कपाळापर्यंत नेला. त्या बघत राहिल्या. त्यांचा स्वतःचा हात मांडीवर तसाच काटकोनात होता, आणि त्या क्षणी मला फार संकोच वाटला. पण त्यांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता, दुसऱ्याच्या घरी पाळणा हलला की होतो तसा. त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, च्या टाक गं. कामशेतची लेक आलीया."

परतताना यजमानांनी विचारलं, "त्यांना काहीच आठवत नव्हतं, वाईट वाटलं का तुला?" मी नाही म्हणाले, आणि ते खरं होतं. ज्या वाक्यानं माझा हात राखला ते वाक्य ज्यांनी उच्चारलं त्यांनाच ते माहीत नव्हतं. देवीनं काम करवून घेतलं असेल तर ते असंच घेतलं असणार, कुणाच्या डोक्यावर उपकाराचं ओझं न ठेवता. देणाऱ्यानं विसरावं हे ठीक. ज्याला मिळालं त्यानं विसरू नये, एवढंच माझ्या वाट्याला आलेलं काम आहे, आणि ते मी या हातानं लिहून करते आहे.